नंबर येईपर्यंत साबण

मॅडमनी पहिल्याच दिवशी मेडिकलच्या काउंटरवर हात आडवा ठेवून मला हद्द आखून दिली. फळीवरून औषध काढायचं तू. चिठ्ठीशी ताडून बघायचं मी. गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं तेही मी. मी दुकानात नसले तर तू फक्त साबण विकायचा. साबण, पेस्ट, डायपर, खोबरेल तेल. नंबर येईपर्यंत तू साबणाचा.

नंबर म्हणजे फार्मासिस्टचा नोंदणी नंबर. तो मुंबईहून, कौन्सिलकडून येतो. मी फार्मसीची पदविका केली होती ती आमच्याकडे, हिंगोलीकडच्या एका तालुक्याच्या गावात. कॉलेजच्या खिडकीखाली हळदीचा बाजार भरायचा. अजूनही कुणी अँटिबायोटिक म्हटलं की मला आधी हळदीचा वास येतो. आमच्या आधीच्या पोरांना पदविका झाली की सरळ नंबरासाठी अर्ज करता यायचा. आमच्या वेळेला त्यावर आणखी एक परीक्षा आली. म्हणजे पदविका, मग एखाद्या मेडिकलमध्ये शिकाऊ म्हणून उभं राहायचं, मग परीक्षा, मग अर्ज, मग वाट बघायची. उभं राहायला मी पुण्याजवळ पिरंगुटला आलो. गावचाच एक दोस्त इथं कारखान्यात होता, शेजारच्या भरे गावात त्याची खोली होती, तो म्हणाला ये. मी आलो. दोन महिन्यांत त्याला हिंजवडीत नोकरी लागली आणि तो तिकडंच नेऱ्याला राहायला गेला. नेरे काही अमेरिकेत नाही. पण त्याची शिफ्ट रात्रीची, माझं दुकान दिवसाचं. मी शटर ओढायचो तेव्हा तो आंघोळीला निघालेला असायचा. हळूहळू आमची दोस्ती फोनवरच्या अंगठ्यावर आली. मी काही पाठवलं की तो अंगठा दाखवायचा.

मी नकला करतो. शाळेत असल्यापासून. हेडमास्तरांच्या आवाजात वर्गाबाहेरून ओरडून मी अख्खा वर्ग उभा केलाय. हे कौतुक म्हणून नाही सांगत, पुढचं कळावं म्हणून सांगतोय. कारण पिरंगुटला आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझीच नक्कल झाली. एक टेम्पोवाला घाई करत होता. मी म्हटलं, थांबा जरा, काढायलो. झालं. तो आणि त्याच्याबरोबरचे दोघं चार दिवस येता-जाता दुकानासमोर हॉर्न वाजवून म्हणायचे, काढायलो, काढायलो. मी पण हसलो. आणि त्याच दिवसापासून आपला हेल बंद करून टाकला. नकल्याला काय अवघड? महिनाभरात मी 'लई' आणि 'हितं' बोलायला लागलो. इथल्या माणसाला वाटायचं हा घोटावड्याकडचा असंल. पुण्याहून येणाऱ्या औषध कंपनीच्या एमआरला वाटायचं हा कोथरूडचा. मी कुठला, हे विचारायची कुणाला गरजच पडायची नाही.

मॅडम भऱ्याच्या सूनबाई. दुकान त्यांचं स्वतःचं, गल्ल्याशेजारी बुद्धाची छोटी मूर्ती, भिंतीवर त्यांचं सर्टिफिकेट, त्यावरच्या फोटोत त्या आहेत त्यापेक्षा जास्त रागावलेल्या. त्यांची एक पद्धत होती. औषध दिलं, कसं घ्यायचं सांगितलं, की माणसाला जाऊ द्यायचं नाही. म्हणायचं, "आता मला उलटं सांगा." म्हणजे मी जे सांगितलं ते तुम्ही मला सांगा. मोठमोठी माणसं यात अडकायची. कंपनीतला सुपरवायझर असो की शेण काढून आलेली बाई, सगळ्यांची तोंडी परीक्षा. कुणी वैतागायचं. कुणी म्हणायचं, कळलं की ओ, बरं. मॅडम पाकिटावरचा हात काढायच्याच नाहीत. मला नंतर म्हणाल्या, अरे, 'बरं' म्हटलं म्हणजे कळलं असं नसतं. लोक दुकानातून सुटायला 'बरं' म्हणतात.

मॅडमना ती पद्धत औषधासाठी हवी होती. मला मात्र त्यात खजिना सापडला. दिवसभर माणसं यायची आणि एकच गोष्ट प्रत्येक जण आपापल्या आवाजात म्हणून दाखवायचा. सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर. हेच. पण कुणी पाढे म्हटल्यासारखं, कुणी पोलिसाला जबाब दिल्यासारखं, कुणी नवऱ्याला टोमणा मारल्यासारखं. बिहारचा एक वेल्डर होता, तो 'जेवणानंतर' हा शब्द असा म्हणायचा जसा काही तो जेवणाचाच एक प्रकार आहे. मी सगळे गोळा करायचो आणि संध्याकाळी खोलीवर नेऊन सोडायचो.

खोली भऱ्यात, घरमालकिणीच्या गोठ्याला लागून. मी कुकर लावायचो आणि शिट्टी होईपर्यंत दिवसभराची माणसं बाहेर काढायचो. वेल्डर, सुपरवायझर, टेम्पोवाला, मॅडम. त्यांची भांडणं लावायचो. मॅडमच्या आवाजात टेम्पोवाल्याला झापायचो. एकदा घरमालकीण दार वाजवून आली. कमरेवर हात. म्हणाली, खोली एकट्याला दिलीया, आत किती जण हायेत? मी दार पूर्ण उघडलं. तिनं डोकावून बघितलं. एक ताट, एक चादर, एक चप्पल.

"कुटं गेले समदे?"

"आत्ताच गेले, काकू."

ती घरात जाऊन वाटीभर कालवण घेऊन आली. वाटी धुऊन परत दे म्हणाली. तेवढंच. मला तिचा आवाज काढायचा होता, पण त्या दिवशी काढला नाही.

रोज फोन यायचा मायचा. माय आमच्या गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. तिची बोलायची एक ढब आहे. वाक्य संपत आलं की शेवटचा शब्द विहिरीतून बादली ओढावी तसा ओढते, आणि पळीनं पातेल्याच्या काठावर दोनदा टक टक करते. "गरम हाय, फुंकून खायचं, बरं काऽ." टक टक. शाळेतली पोरं दुसऱ्या टकपर्यंत हात लावत नाहीत. फोनवर पळी नसायची, तरी मला ती टक टक ऐकू यायची. विचारायची, जेवलास का, नंबर आला का. तिच्यासाठी माझा एक खास आवाज होता. सुखात असलेल्या पोराचा. माझ्या सगळ्या आवाजांत तो सगळ्यात जास्त मेहनतीचा. वेल्डरचा आवाज एका दिवसात जमला. याला वेळ लागला.

तिचा आवाज मात्र मी कधी काढत नाही. येतो, पण काढत नाही. तो काढला की खोलीत ती नाही हे कळतं.

परीक्षेचा अभ्यासही मी आवाजातच केला. प्रत्येक औषधाला एक माणूस. ब्लड प्रेशरच्या गोळ्या म्हणजे आमचे हेडमास्तर: खाली बसा, आवाज खाली. अँटिबायोटिक म्हणजे टेम्पोवाला, अर्ध्यात सोडून गेला तर जास्त त्रास देणारा. पेपर पुण्यात होता. आजूबाजूला सगळे शांत बसून लिहीत होते आणि माझे ओठ हलत होते. सुपरव्हिजनवरच्या बाईंनी दोनदा येऊन माझ्या बाह्या बघितल्या. त्यांना वाटलं कॉपी. डोक्यात एवढी गर्दी घेऊन बसलोय हे त्यांना कसं सांगणार?

पास झालो. अर्ज भरला. आणि मग स्क्रीनवर एक ओळ आली, अर्ज प्रक्रियेत आहे. ती ओळ माझ्या ओळखीची झाली. सकाळी उठून बघितली तरी तीच, दुकानात बघितली तरी तीच. घरमालकिणीच्या म्हशीपेक्षा जास्त वेळा मी तिचं तोंड बघितलं.

इकडे मॅडमना दिवस गेले होते. त्या काउंटरला टेकून हसायच्या, म्हणायच्या, बघू, बाळ आधी येतंय का तुझा नंबर. हसण्यावारी होतं, पण त्यात खरी गोष्ट होती. मॅडम बाळंतपणाला गेल्या की दुकानात नोंदणी असलेला माणूस कुणी राहणार नव्हता. नंबर आला तर दुकान माझ्यावर सोडून जाता येईल. नाही आला तर शटर खाली, मॅडम पुन्हा उभ्या राहीपर्यंत. आणि मग मी पिरंगुटात राहून काय करणार? गावाला जाणार. गावाला मेडिकलं पुष्कळ आहेत, पण तिथंही मी बिननंबराचाच. तिथला साबण विकणार.

आता आबांचं सांगतो. आबा भऱ्याचे. कारखान्यात आयुष्य काढलं, आता घरी. बायको गेलेली. मुलगा कॅब चालवतो, तो नेऱ्याकडं राहतो. आबांना साखर. दर दोन-चार दिवसांनी येऊन थोड्याच गोळ्या घेऊन जायचे. मॅडम म्हणायच्या, आबा, महिन्याच्या एकदम न्या की. आबा म्हणायचे, हितं येऊनशान घेतो, पाय मोकळं व्हत्यात. मॅडमनी उलटं सांगायला लावलं की मान तिरकी करून पाठ केलेलं घडाघडा म्हणायचे आणि मग माझ्याकडे वळायचे. त्यांचं खरं काम माझ्याकडे असायचं.

"नकल्या, आज कुनाचा काढतुयास?"

त्यांना सिटी बसच्या एका कंडक्टरचा आवाज आवडायचा. तो मी काढला की काठी जमिनीवर आपटून हसायचे, डोळ्यांतून पाणी यायचं. मग दुसरा मागायचे. मी रेडिओ असल्यासारखं. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? पूर्ण पिरंगुटात मला शोधत येणारा तो एकच माणूस होता. पण त्यांना मी लागत नव्हतो, कंडक्टर लागत होता. माझं नाव, गाव, काहीही त्यांनी कधी विचारलं नाही. मी पण सांगितलं नाही.

सातव्या महिन्यातच डॉक्टरांनी मॅडमना झोपून राहायला सांगितलं. त्यांनी घरून फोन केला. दुकान उघड, पण बोर्ड लाव. औषधं मिळणार नाहीत. मी पुठ्ठ्यावर लिहून लावला आणि आत बसलो, मागे औषधांनी गच्च भरलेल्या फळ्या आणि पुढे मी. लोक यायचे, चिठ्ठी पुढे करायचे. मी बोर्डाकडे बोट दाखवायचो. ते फळ्यांकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे, आणि रस्ता ओलांडून जायचे. एक बाई तापलेलं पोर खांद्यावर घेऊन आली होती. तिला म्हटलं, ताई, पलीकडं जा, तितं फार्मासिस्ट हाय. ती म्हणाली, तू कोण मग? मी म्हटलं, साबण. म्हणजे तसं तोंडातून निघालं. ती हसली नाही. तिला घाई होती.

त्या दिवसांत मी नकला करायचं सोडून दिलं. खोलीवर कुणाला आणायचं? दिवसभरात कुणी काही उलटं सांगतच नव्हतं. कुकरची शिट्टी व्हायची, ती ऐकायचो. आबा मात्र येत राहिले. गोळ्या पलीकडून घ्यायचे आणि कंडक्टर माझ्याकडून. मी दुकानाच्या पायरीवर बसून काढून दाखवायचो. एकदा ते म्हणाले, पलीकडलं पोरगं काय बी इचारत न्हाई, गोळ्या देतंय अन् मोकळं. मॅडम बरी होती. मी म्हटलं, येतील मॅडम.

बाळ आधी आलं. मुलगी. मॅडमच्या नवऱ्यानं फोन करून सांगितलं, दोघी ठीक आहेत. मग मॅडम स्वतः बोलल्या. आवाज असा होता, जसा भिंतीच्या पलीकडून येतोय. म्हणाल्या, अरे, मी हॉस्पिटलमधून घरी येईपर्यंत बघू. तोवर तुझं काही आलं तर आलं. नाहीतर शटर लावून किल्ली घरी आणून दे. तू पण किती दिवस असा बसणार? मी म्हटलं, बरं. आणि मला आठवलं, लोक सुटायला 'बरं' म्हणतात.

किल्ली परत द्यायची म्हणून मी दुकान आवरायला घेतलं. दुपारी साबणांचा मनोरा रचत होतो, लिंबाचे खाली, चंदनाचे वर. फोन वाजला, मेसेज. मला वाटलं रिचार्ज संपलाय. खरंच तोही मेसेज होता, रिचार्जचा. त्याच्या खालचा नंबराचा होता.

मी तो परत परत वाचला. मग साबणाचा मनोरा पूर्ण केला. का ते विचारू नका.

मायला फोन लावला. उचलला नाही, दुपारची वेळ, तिच्या हातात पळी असणार. नेऱ्याच्या दोस्ताला लावला, त्याची झोपायची वेळ. मॅडम हॉस्पिटलमध्ये, त्यांना कसा लावायचा? मेसेज केला, त्यांनी बघितला नाही. मी काउंटरच्या आत उभा होतो आणि आतून एवढं भरून आलं होतं, आणि ओतायला भांडं नाही. तेवढ्यात कारखान्यातला एक हिंदी बोलणारा माणूस मच्छर अगरबत्ती घ्यायला आला. मी त्याला पिशवी देताना म्हटलं, भैया, मेरा नंबर आ गया.

"कौन सा नंबर?"

"फार्मासिस्ट का."

त्यानं क्षणभर विचार केला. "अच्छा है," म्हणाला. "बड़ा वाला पैकेट नहीं है क्या?"

बड़ा वाला होता. मी दिला.

संध्याकाळी खोलीवर बॅगेतून ॲप्रन बाहेर काढला. पिरंगुटला आल्या-आल्या घेऊन ठेवला होता, पाकीट फोडलं नव्हतं. घड्या मोडल्या नव्हत्या, त्यामुळे अंगावर घातला की मी पुठ्ठ्यात गुंडाळल्यासारखा दिसत होतो. दाढीच्या आरशात एका वेळी एकच बाही दिसायची. मी कुकर लावला आणि सगळ्यांना बोलावलं. वेल्डर आला, म्हणाला, बधाई हो, जेवणानंतर मिठाई. हेडमास्तर म्हणाले, खाली बसा. सुपरवायझर म्हणाला, ठीक आहे, पण वेळेवर येत जा. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. कंडक्टर म्हणाला, पुढं चला, पुढं चला, जागा आहे पुढं. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मग कुकरची शिट्टी झाली आणि ते थांबले. मी ॲप्रन काढून खुंटीला अडकवला आणि जेवलो.

मायचा फोन उशिरा आला. नंबर आला म्हटल्यावर तिनं शेजारणीला ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं. त्या दिवशी सुखात असलेल्या पोराचा आवाज काढायची गरज नव्हती. तरी सवयीनं तोच निघाला.

दुकानाच्या लायसनवर माझं नाव चढवायचं होतं. ते मॅडमनी पलंगावर पडल्या पडल्या, एका हातात बाळ आणि एका हातात फोन धरून केलं. आणखी काही दिवस गेले. मग एक दिवस त्यांचा फोन आला, बोर्ड काढ. मी पुठ्ठा काढला. ॲप्रन घातला. मॅडमच्या सर्टिफिकेटशेजारी माझं लावलं. माझ्या फोटोत मी मुद्दाम गंभीर बसलोय आणि अजिबात जमलेलं नाही.

सकाळी पहिले आबा आले. हातात नवीन चिठ्ठी. डॉक्टरांनी साखरेची गोळी बदलली होती. आधीची बंद, आता वेगळी, जास्त जोराची, दिवसाला एकच. मी मागे वळलो. फळीवरून औषध काढलं, चिठ्ठीशी ताडून बघितलं, पुन्हा बघितलं. काउंटरवर ठेवलं आणि पाकिटावर हात ठेवला, मॅडम ठेवायच्या तसा.

आबा माझ्या ॲप्रनकडे बघून खूष झाले. त्यांना वाटलं नवीन सोंग. म्हणाले, आधी कंडक्टर काढ.

मी म्हटलं, कंडक्टर नंतर. ही गोळी नवीन हाय, आबा. रोज एकच, सकाळच्या जेवणाबरोबर. आता मला उलटं सांगा.

ते हसतच म्हणाले, "सकाळच्याला जुनी, सांजच्याला नवी. जुन्या ऱ्हायल्यात की अजून. फेकू व्हय?"

इकडं औषध कुणी फेकत नाही. तापाच्या उरलेल्या गोळ्या पण डब्यात ठेवतात, पुढच्या तापाला. आबांनी जुन्या संपवायच्या ठरवल्या होत्या आणि नव्याही खायच्या. दोन्ही एका दिवसात पोटात गेल्या तर साखर भसकन खाली. आणि आबांचं जेवणाचं मला माहीत होतं. कधी करायचे, कधी चहात पाव बुडवून झोपायचे.

मी परत सांगितलं. ते मान हलवत होते, पण बघत होते माझ्या तोंडाकडे, आता कोण निघतंय याची वाट बघत. मग मला सुचलं ते मी केलं. मॅडमचा आवाज काढला. आबा, इकडे लक्ष द्या, जुनी गोळी पूर्ण बंद. तंतोतंत मॅडम. आबांनी काठी आपटली. म्हणाले, डिट्टो, अगदी डिट्टो. आणि डोळे पुसायला लागले. एक शब्द आत गेला नव्हता.

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. बाहेरून कंपनीची बस गेली. माझ्याकडे आणखी वीस आवाज होते आणि एकही कामाचा नव्हता. काय झालं मला नीट सांगता येणार नाही. मी काउंटरवर बोट टेकवलं आणि बोलायला लागलो.

"आबा, ऐका. जुनी गोळी बंद. एक बी खायची न्हाई. आहेत तेवढ्या उद्या मला आणून द्या. ही नवी, एकच, सकाळी जेवायलाव तवा, पहिल्या घासासंगं. जेवला न्हाईत तर गोळी बी न्हाई. दोन्ही खाल्ल्या तर चक्कर येऊन पडताल, अन् घरात तुम्हाला उचलायला कोनी न्हाई. बरं काऽ."

टक टक.

बोट माझंच होतं. मी ते बघत राहिलो.

आबा हसायचे थांबले होते. काठी दोन्ही हातांनी धरून त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, जसं पहिल्यांदाच बघतायत.

"ह्यो कुनाचा रं?"

"काय कुणाचा?"

"आवाज. ह्यो कदी काढला न्हाईस."

"माझाच हाय, आबा."

"तुजा?" ते काउंटरवर वाकले. "कुटला म्हनायचा तू?"

मी सांगितलं. हिंगोलीकडचा. माय शाळेत खिचडी शिजवते. लांब हाय, म्हणाले. मी म्हटलं, लांब हाय. मग मला आठवलं की पाकिटावरचा हात अजून काढलेला नाही.

"आता मला उलटं सांगा."

आबांनी मान तिरकी केली नाही. घडाघडा म्हटलं नाही. एकेक शब्द शोधून ठेवल्यासारखं बोलले. "जुनी बंद. एक बी न्हाई. उद्या आनून द्यायच्या. नवी एकच, जेवायलाव तवा, पयल्या घासासंगं. न्हाई जेवलो तर न्हाई." मग थांबले. "दोनी खाल्ल्या तर पडताल. अन् घरात मला उचलाया कोनी न्हाई. बरं काऽ."

आणि त्यांनी काठीचं टोक काउंटरच्या पायाला दोनदा आपटलं. टक टक.

शेवटचा शब्द त्यांनी ओढला होता. नक्कल म्हणून नाही, चेष्टा म्हणून तर नाहीच. जे दिलं ते तसंच्या तसं परत केलं होतं. मी पाकिटावरचा हात काढला. ते गोळ्या घेऊन पायरी उतरले. कंडक्टर मागायचं विसरले होते.

ती संध्याकाळ खोलीवर नेहमीसारखीच होती. कुकर, एक ताट. पण आवाज कुणाचाच काढला नाही. घरमालकीण अंगणातून म्हणाली, आज पावनं न्हाईत वाटतं. मी म्हटलं, न्हाई काकू, आज मी एकटाच हाय. एवढे दिवस तिथं राहत होतो, पण हे वाक्य मी कुणालाही पहिल्यांदाच म्हटलं. मायला पण म्हटलं फोनवर. एकटा हाय माय, करमत न्हाई. ती म्हणाली, मला वाटलंच व्हतं, तू फोनवर लैच हसायलास रोज.

दुसऱ्या दिवशी आबा सकाळीच आले. प्लास्टिकच्या पिशवीत जुन्या गोळ्यांची पाकिटं, काही अर्धी, काहींचे नुसते कोपरे, एक तर त्यांच्या बायकोच्या वेळची असावी, अक्षरं पुसलेली. सगळं काउंटरवर उलटं केलं. मी मोजलं नाही, एकेक पाकीट कापून बाजूला टाकत गेलो. ते उभे राहून बघत होते, खात्री करत असल्यासारखे.

"काल फाट्यावर बसलो हुतो," म्हणाले. "पोरास्नी तुजा आवाज काढून दावला. जेवायलाव तवा. बरं काऽ."

"हसले असतील."

"हसले की. लई हसले." पिशवीची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. "पन समद्यांनी वळकला. म्हनले, ह्यो तर मेडिकलवाला."

मी कात्री खाली ठेवली. काही पाहिजे का, असं विचारलं. आबांनी फळ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खूप विचार करून एक साबण घेतला. चंदनाचा, मनोऱ्याच्या वरचा.